धरावे केव्हा, सोडावे केव्हा?

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मंडळींचा बर्फाशी संबंध यावयाचा तो उन्हाळ्यात, गोळेवाल्याच्या गाडीपाशी. तेव्हा या महिन्याच्या स्तंभात बर्फावरून घसरण्याच्या फळ्यांना बूट जखडणाऱ्या खटक्यांचा विचार आम्ही मांडीत आहोत, हे पाहून काही वाचक कपाळास हात लावतील. परंतु आमच्या समाजातील घरोघरची मुले आज डेन्व्हर, कॅलगरी, म्यूनिक अशा गावी नांदत आहेत, आणि जी येथेच आहेत तीही दिवाळीनंतर गुलमर्ग-औलीचे बेत आखू लागली आहेत. एका आजीबाईंनी आम्हांस विचारले आहे, की परदेशी असलेला नातू स्की कोणत्याही चालतील म्हणतो, पण 'बाइंडिंग' मात्र अठरा आकड्याचेच हवे असा हट्ट धरून बसला आहे. हा अठरा आकडा म्हणजे काय, आणि तो घेऊ द्यावा की नाही? प्रश्न वरवर खरेदीचा आहे. खरे पाहता तो नातवाच्या गुडघ्याचा आहे, म्हणून त्यास सविस्तर उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाइंडिंग म्हणजे स्कीवर स्क्रूने बसविलेली दोन भागांची यंत्रणा. एक भाग बुटाचा चवडा धरतो, दुसरा टाच. दोहोंच्या पोटात दाबलेल्या स्प्रिंगा असतात. पायास मर्यादेबाहेर पीळ बसला तर चवड्याचा भाग बाजूस सरकून बूट सोडतो. माणूस तोंडघशी जाऊ लागला तर टाचेचा भाग वर उघडतो. म्हणजे या वस्तूची कामे दोन, आणि ती परस्परविरोधी: घट्ट धरणे आणि वेळेवर सोडणे. आपल्या घरातील विजेचा फ्यूज आठवावा. योग्य जाडीची तार असेल तर संकटसमयी ती स्वतः जळून घर वाचविते. तार फार बारीक असेल तर पाण्याची मोटार सुरू होताच अंधार. आणि दर आठवड्यास फ्यूज उडतो म्हणून त्रासून तेथे जाड तार पिळून घालणारे महाभागही प्रत्येक गल्लीत एक तरी असतातच. स्कीच्या जगातही हे तिन्ही प्रकार आहेत, आणि अठरा आकड्याचा मोह हा बव्हंशी तिसऱ्या प्रकारात मोडतो.

हे सोडण्याचे शहाणपण फार उशिरा सुचले. नॉर्वेतील टेलेमार्क प्रांताच्या सोन्द्रे नोरहाइमने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या फांद्या पिळून टाचेमागून वेढा घातला, तेव्हा कोठे स्की पायाबरोबर वळू लागली. तोवर ती नुसती चवड्यास अडकविलेली असे. पुढे १९३० च्या सुमारास गीदो रोझ या स्विस गृहस्थाने पोलादी तारेचा बंध काढला. त्यांच्या घराण्याचा धंदा गाणाऱ्या पेट्यांचा, आणि त्यांनी आपल्या बंधास नाव दिले 'कंदाहार'! आल्प्सच्या बर्फात हे अफगाणी नाव कोठून आले, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. कानपुरास जन्मलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स या सेनापतीने १८८० साली काबूलहून कूच करून कंदाहारचा वेढा उठविला आणि ते नाव आपल्या किताबास जोडून घेतले. त्याच्या नावाचा चषक १९११ पासून स्वित्झर्लंडमधील स्की-शर्यतीस दिला जाऊ लागला, आणि त्यावरून कंदाहार हे नाव त्या खेळात रूढ झाले. त्याच १८८० सालच्या जुलै महिन्यात मैवंदच्या रणात आपल्या मुंबई इलाख्याच्या पलटणींची जी वाताहत झाली, तिची आठवण मात्र त्या शर्यतीत कोणास असण्याचे कारण नाही. असो.

तारेचा बंध उत्तम धरी, पण सोडीत नसे. पडले की नडगी मोडावयाची, हा त्या काळचा जणू नियमच होता. मूळचा नॉर्वेजियन, अमेरिकेतील पोर्टलंड येथे स्थायिक झालेला यालमार व्हाम हा पट्टीचा स्कीपटू १९३७ साली असाच पाय मोडून रुग्णालयात पडला असता त्याने सुटणाऱ्या चवड्याची कल्पना कागदावर उतरविली. पन्नाशीच्या दशकात फ्रान्सच्या नव्हेर गावी झाँ बेल यांनी 'लुक' आणि बव्हेरियात हानेस मार्कर यांनी आपल्याच नावाचे खटके बाजारात आणले, आणि आज आपण पाहतो ती यंत्रणा आकारास आली. (सायकलीच्या शौकिनांसाठी जाता जाता सांगावेसे वाटते, की याच 'लुक' कंपनीने १९८४ साली बूट खटक्यात अडकणारे पेडल काढले, आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने त्यावर पाय रोवून फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली. पाय वळविला की सुटतो, ही युक्ती बर्फावरूनच रस्त्यावर आली.)

आता त्या आकड्याकडे वळू. खटका किती जोरास सुटावा हे दाखविणाऱ्या मोजपट्टीस बोलीत 'डिन' म्हणतात. जर्मन मानक संस्थेच्या नावाचे ते संक्षिप्त रूप आहे, आणि आज तीच मोजणी आंतरराष्ट्रीय मानकांतही स्वीकारलेली आहे. आकडा ठरतो तो माणसाचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि खेळण्याची तऱ्हा, म्हणजे सावध, मध्यम की आक्रमक, यांवरून. बूट लांब असेल तर आकडा कमी घ्यावयाचा, कारण लांब तरफेवर थोड्या जोरातही पीळ अधिक बसतो. पन्नाशी ओलांडलेल्यांस आणि दहा वर्षांखालील मुलांस आकडा उतरवून द्यावयाचा. सत्तर किलो वजनाच्या, मध्यम उंचीच्या, मध्यम गतीने खेळणाऱ्या प्रौढ माणसाचा आकडा सहा-सातच्या आसपास येतो. येथे आमची एक सूचना आहे. दुकानदार वजन व वय विचारतो तेव्हा लग्नाच्या बाजारातील सवयी बाजूस ठेवाव्यात. चार वर्षे चोरली काय आणि पाच किलो लपविले काय, स्प्रिंग त्याचा हिशेब हाडांकडून वसूल करिते. आणि आपण 'आक्रमक' प्रकारातले आहोत असे सांगण्यात जो पुरुषार्थ तरुणांस वाटतो, त्याची किंमतही तेथेच मोजावी लागते.

एवढे कळले की अठराचा उलगडा होतो. खटक्यावर लिहिलेला आकडा ही त्याच्या स्प्रिंगेची वरची मर्यादा; तिला खालचीही मर्यादा असते. लुकचे 'पिव्हट १८' हे आठपासून अठरापर्यंत लावता येते. 'पिव्हट १५' सहापासून पंधरापर्यंत. मार्करचे 'ग्रिफन' चार ते तेरा, 'जेस्टर' सहा ते सोळा. ज्या मुलाचा हिशेबाने येणारा आकडा साडेसहा आहे, त्यास आठपासून सुरू होणारा खटका योग्य जागी लावताच येत नाही. त्याने तो घेतला म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार बसविली. शिवाय स्प्रिंग आपल्या पल्ल्याच्या अगदी टोकाशी नव्हे, तर मधल्या भागात असावी, हे जाणत्यांचे मत आम्हांस पटते. अठराचा खटका हा धिप्पाड, वेगवान, व्यावसायिक स्कीपटूसाठी आहे. इतरांच्या पायांत तो दिसतो त्याचे कारण धातूची चकाकी आणि मित्रांतील प्रतिष्ठा. ही प्रतिष्ठा आम्हांस तरी फार महाग वाटते.

मग थोर खेळाडूंची बाइंडिंगे अवेळी सुटत कशी नाहीत? त्याचे उत्तर आकड्यापेक्षा स्प्रिंगेच्या पल्ल्यात आहे. चांगल्या खटक्यात बूट काही मिलिमीटर बाजूस किंवा वर सरकतो आणि, धक्का क्षणिक असेल तर, पुन्हा जागेवर ओढला जातो. धक्का टिकून राहिला तरच सुटतो. उडीवरून उतरताना बसणारा हादरा मोठा पण क्षणभराचा असतो. ज्या खटक्यात ही सरकण्याची जागा भरपूर, तो कमी आकड्यावरही असे हादरे गिळतो. जेथे ती तोकडी, तेथे अवेळी सुटण्याच्या भीतीने खेळाडू आकडा चढवीत जातो, आणि मग खरोखर पडताना पाय अडकून राहतो. आमच्या मते दोन खटक्यांची तुलना करताना पहिला प्रश्न हाच विचारावा: आकडा किती, हा नव्हे, सरक किती.

या निकषावर फ्रीस्टाइल आणि फ्रीराइड या दोन तऱ्हांच्या गरजा वेगळ्या होतात. फ्रीस्टाइल म्हणजे घडविलेल्या उड्या, लोखंडी कठडे, अर्धगोल नळीसारखी चर, यांवरची कसरत. आपल्या मल्लखांबाशी तिचे दूरचे नाते लावता येईल. हिवाळी ऑलिंपिकात टेकाडांची शर्यत १९९२ साली आली, हवेतील कोलांट्या १९९४ साली, चर आणि कठडे २०१४ साली, आणि मोठी उडी २०२२ साली. येथे बर्फ दाबून टणक केलेला असतो. खेळाडू पुढे तोंड करून जितका उतरतो तितकाच पाठमोराही उतरतो. म्हणून तो बाइंडिंग स्कीच्या जवळजवळ मध्यावर बसवितो. त्यास स्की पायाखाली मोकळी वाकावयास हवी असते, आणि उतरताना टाच निसटू नये हीच मुख्य काळजी असते.

या कामी लुकचा 'पिव्हट' इतका लोकप्रिय का, ते त्याच्या रचनेवरून समजते. इतर बहुतेक खटक्यांत टाचेचा भाग बुटाच्या मागे एका पट्टीवर बसतो. पिव्हटमध्ये तो एका चकतीवर असतो आणि चकती थेट टाचेखाली, नडगीच्या रेषेत फिरते. पाय पिळला की बूट आणि टाचेची पकड एकत्र वळतात, त्यामुळे चवडा बाहेर पडताना टाचेकडे घर्षणाचा अडथळा राहत नाही. स्क्रूही पायाखाली थोड्याच जागेत असल्याने स्की वाकण्यास आडकाठी होत नाही. टाच वर उचलली जाण्याची सरक तर पुष्कळच मोठी. बनविणारे ती २८ मिलिमीटर सांगतात. साठीच्या दशकापासून चालत आलेली ही मूळ कल्पना आजही मागे पडलेली नाही, याचे आम्हांस कौतुक वाटते. दोष आहेत ते असे, की बुटाची लांबी बदलली तर जुळवून घेण्यास वाव फार थोडा, नवे बूट घेतले तर स्कीस पुन्हा भोके पाडण्याची पाळी. आणि खोल भुसभुशीत बर्फात उभे राहून ती फिरती टाच सरळ करून पाय घालणे हा सहनशीलतेचा कस पाहणारा उद्योग आहे. टायरोलियाचे 'ॲटॅक' किंवा मार्करचे 'ग्रिफन' त्या मानाने सोशिक, बूट बदलला तरी सरकवून घेता येणारे, आणि खिशासही हलके. एकाच घरातील दोन भावंडे एकच स्की आलटूनपालटून वापरणार असतील तर आम्ही पिव्हटच्या वाटेस जाणार नाही.

फ्रीराइडचे जग निराळे. तेथे कोणी उतार घडवून ठेवलेला नसतो. डोंगर जसा आहे तसा, खोल ताजा बर्फ, मध्येच खडकाचा कडा. स्की रुंद असते, कमरेत बहुधा शंभर मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, आणि टोक बर्फावर तरंगावे म्हणून बूट मध्यापासून काही सेंटिमीटर मागे बसवितात. रुंद स्की कडेवर कलती करावयाची तर खटक्याचा पायाही रुंद हवा. २००७ च्या सुमारास मार्करने ग्रिफन-जेस्टर या मालिकेत स्क्रू दूरदूर ठेवले ते यासाठीच. खटक्यास जोडलेला ब्रेकही स्कीच्या रुंदीचा पाहून घ्यावा लागतो. हा ब्रेक म्हणजे बूट सुटताच खाली उघडणारे दोन पाय, जे स्की पळून जाऊ देत नाहीत. सत्तरीच्या दशकात ते येण्यापूर्वी स्की चामडी पट्ट्याने घोट्यास बांधीत, आणि पडणाऱ्याच्या डोक्यात ती फिरून येऊन बसे. खोल बर्फात मात्र हे ब्रेक निरुपयोगी. सुटलेली स्की पृष्ठभागाखाली मासळीसारखी निघून जाते आणि तासन्‌तास उकरूनही हाती लागत नाही. जाणते लोक खटक्यास लांब रंगीत फीत बांधून ती विजारीच्या पायात खोचून ठेवतात. चार आण्यांची युक्ती, पण भारी किमतीची स्की वाचविते.

फ्रीराइडमध्ये एक पेच असा आहे, की ज्यावर आम्हांस कोणताही खटका पूर्ण उत्तर वाटत नाही. कड्याच्या माथ्यावर अवेळी स्की सुटणे म्हणजे मृत्यूशी गाठ. म्हणून तेथे 'सुटलेच नाही पाहिजे' असे वाटते. पण तोच खेळाडू हिमलोटात सापडला तर पायांतील स्की नांगरासारख्या त्यास खाली खेचतात. तेव्हा 'सुटलेच पाहिजे'. एकाच स्प्रिंगेस या दोन आज्ञा एकदम पाळता येत नाहीत. डोंगर चढून जाणाऱ्यांसाठी हा पेच अधिकच बिकट होतो. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात काढलेला दोन खुंट्यांचा खटका वजनास फुलासारखा. बुटाच्या चवड्यातील पोलादी खळग्यांत खुंट्या बसतात आणि टाच मोकळी राहते. चढण्यास याहून चांगले काही नाही. मात्र चढताना चवडा कुलपासारखा बंद करितात, आणि हिमलोट आला तर तो उघडत नाही. उतरतानाही जुन्या हलक्या नमुन्यांत सरक अगदी जुजबी. कड्यावरून उड्या घेणाऱ्याने त्यांवर विश्वास टाकू नये. सॅलोमनने २०१८ साली 'शिफ्ट' नावाचा मिश्र खटका आणला: चढताना खुंट्या, उतरताना नेहमीची पकड. एकेकाचे वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, पल्ला सहा ते तेरा. मार्करचे 'ड्यूक पीटी' त्याच विचाराचे, अधिक जड आणि अधिक दणकट. पाळण्याने वर जाऊन केवळ अधूनमधून अर्धा तास चढणाऱ्याने असा मिश्र प्रकार घ्यावा. जो पाळण्याखेरीज वर जाणारच नाही त्याने चढण्याच्या सोयीचे ओझे आणि तिचे जादा सुटे भाग विकत घेण्यात अर्थ नाही. बुटांचे तळही आता एकसारखे राहिलेले नाहीत. सपाट तळ, चालण्यास सोयीचा वाकडा तळ, चढाईचा रबरी तळ असे प्रकार आहेत, आणि प्रत्येक खटका प्रत्येक तळास चालत नाही. न जुळणारा तळ दिसण्यात चपखल बसतो. सुटण्याच्या वेळी मात्र सुटत नाही.

आणि गुडघा? व्हरमाँट विद्यापीठाचे डॉ. रॉबर्ट जॉन्सन यांनी कार्ल एटलिंगर व जॅस्पर शीली या सहकाऱ्यांसह १९७२ पासून तेथील एका स्कीस्थळावरच्या दुखापतींची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. नडगी मोडण्याचे प्रमाण सुधारलेल्या बाइंडिंगांमुळे विलक्षण घटले. पण गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मात्र त्याच काळात वाढले. मागे रेलून पडताना खालच्या स्कीचे शेपूट बर्फात रुतून पाय आत पिळते, आणि असा पीळ चवड्यास व टाचेस ओळखूच येत नाही. म्हणजे नेहमीची बाइंडिंगे प्रामुख्याने हाडासाठी घडली आहेत, गुडघ्यासाठी नव्हे. जाहिरातीत हे लिहिलेले नसते. पडू लागल्यावर उठण्याची धडपड न करणे, हात पुढे ठेवणे आणि पूर्ण थांबेपर्यंत पाय एकत्र राखणे, हे शिक्षण कोणत्याही स्प्रिंगेपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे त्याच संशोधकांच्या कामातून पुढे आले.

आपल्याकडील मुले बहुधा गुलमर्गास जातात, तेव्हा दोन शब्द तेथल्यासाठी. तेथील पाळणा अफरवट पर्वतावर ३,९०० मीटरांहून अधिक उंचीवर नेतो, आणि त्यावरून उतरणारे मोकळे उतार जगभरच्या फ्रीराइड मंडळींस खेचून आणतात. २०२३ च्या फेब्रुवारीत तेथेच हिमलोटात दोन पोलिश स्कीपटू मृत्युमुखी पडले. नवशिक्याचे स्थान खालच्या मैदानात आहे, वर नव्हे. भाड्याने स्की घेताना, मग ते दुकान कोठलेही असो, दुकानदाराने वजन, उंची, वय आणि बुटाची लांबी विचारल्यावाचून खटक्यास स्क्रूड्रायव्हर लावला तर स्की परत करावी. चवड्याच्या व टाचेच्या खिडकीतील आकडा आपल्या डोळ्यांनी वाचावा. दोन्ही पायांवर तो सारखा आहे ना, हे पाहावे. बुटाखालचा बर्फ आणि चिखल खरवडून मगच पाय घालावा. चिखलाचा थर चढला तर घर्षण वाढते आणि आकडा खिडकीत सहा दिसत असता पायास तो आठ-नऊ लागतो.

जुन्या स्कींविषयी विचारणा नेहमी होते. परदेशातील काका-मामा आपली वीस वर्षांपूर्वीची जोडी मोठ्या प्रेमाने पुतण्या-भाच्यास देऊ करतात. स्की घ्यावी, हरकत नाही. परंतु बाइंडिंग बनविणाऱ्या कंपन्या ठराविक वर्षांपर्यंतच्या नमुन्यांचीच यादी दुकानांस देतात, आणि तेवढ्याच नमुन्यांची जबाबदारी घेतात. यादीबाहेरचा खटका पाश्चात्त्य देशांतील चांगला कारागीर हातात धरीतच नाही. प्लास्टिक जीर्ण झालेले असते, वंगण सुकलेले असते, चवड्याखालची सरकती पट्टी झिजलेली असते. अशा वेळी मामांचे आभार मानावेत, जुने खटके काढून टाकावेत, आणि त्याच फळ्यांवर, त्या पुरेशा धडधाकट असल्यास, चार ते तेरा पल्ल्याचे साधे नवे बाइंडिंग बसवून घ्यावे. जुनी भोके बुजवून नवी भोके त्यांपासून पुरेशा अंतरावर पाडावयास कारागिरास सांगण्यास मात्र विसरू नये.